वीस गुणांचं बोलणं

२०१८ साली दहावीचा राज्याचा निकाल ८९.४१ टक्के लागला. २०१९ ला तो ७७.१० वर घसरला आणि २०२० ला ९५.३० वर चढला. तीन वर्षांत महाराष्ट्रातल्या पोरांची अक्कल अशी खालीवर झाली नव्हती, हे सांगायला शिक्षणतज्ज्ञ लागत नाही.

कारणं अनेक होती. २०१९ ला अभ्यासक्रम नवा होता आणि प्रश्नपत्रिकेच्या जागी कृतिपत्रिका आली होती. २०२० ला करोनामुळे भूगोलाचा पेपरच झाला नाही, त्याचे गुण सरासरीने दिले गेले. तरीही शिक्षक, पालक आणि मंत्रालय या तिघांनी बोट ठेवलं ते एकाच ठिकाणी. भाषा विषयांचे शाळेच्या हातात असलेले अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण २०१९ च्या परीक्षेला नव्हते. गुणांची खिरापत थांबवायची म्हणून ते काढले होते. मग सीबीएसईच्या मुलांपुढे आपली मुलं अकरावीच्या प्रवेशात मागे पडतात अशी ओरड झाली आणि ते परत आणले. खिरापत हवी की नको यावर भरपूर वाद झाला. इंग्रजीच्या बाबतीत या २० गुणांत मुलाने ते ऐकून समजून घ्यायचं असतं आणि बोलून दाखवायचं असतं. ते बोलणं वर्षभरात कधी होतं का, याची चौकशी मात्र फारशी कोणी केली नाही.

हिशेब सरळ आहे. लेखी आणि अंतर्गत मिळून ३५ गुण म्हणजे पास. अंतर्गत गुण १८ मिळाले तर लेखीत ८० पैकी १७ पुरतात. वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या पोरालाही हे गणित पक्कं ठाऊक असतं, एरवी गणितात तो कच्चा असला तरी.

हा प्रश्न श्रीपूरच्या निमित्ताने मांडतो आहे, कारण तिथे तो झाकला जात नाही. सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातलं हे गाव कारखान्याचं. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ मध्ये बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट ही कंपनी पुण्यात काढली आणि तिचा साखर कारखाना इथे उभा राहिला. आज गावाची ओळख पांडुरंग सहकारी साखर कारखान्याने होते. शेजारच्या महाळुंगला जोडून आता नगरपंचायतही आहे. जवळच माळीनगर, तिथे सासवडहून आलेल्या माळी शेतकऱ्यांनी त्याच दशकात स्वतःच्या मालकीचा कारखाना उभारला. पलीकडे अकलूज. म्हणजे नीरा-भीमेच्या या कोपऱ्यात यंत्रं येऊन सुमारे नव्वद वर्षं झाली, आणि यंत्रांबरोबर इंग्रजीही आलं.

ते आलं, पण कोणत्या रूपात? गव्हाण, मोळी, टोळी, मुकादम हे शब्द आपले. बॉयलर, टर्बाइन, क्रशिंग, सिरप, मोलॅसिस, शिफ्ट, ओव्हरटाइम, सीझन हे त्यांचे. यंदा रिकव्हरी किती बसली आणि ऊसदराचा, म्हणजे एफआरपीचा, हप्ता का अडकला, यावर कधी शाळेत न गेलेली बाईसुद्धा चार वाक्यं ठणकावून बोलू शकते. श्रीपुरातल्या दहावीच्या मुलाला इंग्रजी शब्द येत नाहीत हा समज म्हणूनच खोटा आहे. मोबाइल, क्रिकेट, ट्रॅक्टर, दवाखाना आणि बँक मिळून त्याच्याकडे शेकडो शब्द आहेत. त्यातले बहुतेक वस्तूंची नावं आहेत. क्रियापदं तुरळक, आणि वाक्य जवळजवळ नाहीच. ट्रॅक्टरचं 'क्लच', 'गिअर', 'हायड्रॉलिक' सगळं ठाऊक असलेला मुलगा 'ट्रॅक्टर का थांबला' एवढं इंग्रजीत विचारताना अडतो. त्याने ते आजवर कोणाला विचारलेलंच नाही, आणि त्यालाही कोणी विचारलेलं नाही.

मराठी शाळांमधली तोंडी परीक्षा ज्यांनी पाहिली आहे त्यांना तिचा शिरस्ता माहीत आहे. हजेरीच्या क्रमाने मुलं येतात. नाव, गाव, वडील काय करतात, आवडता सण कोणता. मग पाठ केलेली दहा वाक्यं: माझी आई, माझा आवडता खेळाडू, माझी शाळा. मूल छताकडे बघत एका दमात म्हणून टाकतं. मध्येच एखादा 'व्हाय?' टाकला की गाडी रुळावरून उतरते, आणि पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरुवात करावी लागते. खरं तर त्या 'व्हाय'पासूनच बोलण्याची परीक्षा सुरू व्हायला हवी. होतं उलटं. परीक्षक दयाळू असतो, मान हलवतो आणि सतरा-अठरा लिहून टाकतो.

यात सगळा दोष शिक्षकाच्या माथी मारणं सोपं आहे, आणि बरोबर नाही. वर्गात साठ मुलं धरा. प्रत्येकाशी पाच मिनिटं बोलायचं तर एका तुकडीला पाच तास लागतात. त्याच शिक्षकाकडे आणखी दोन-तीन तुकड्या असतात, वर निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती भरणं, शिष्यवृत्तीचे अर्ज. वर्षातून एकदा तपासायलाच ज्याला वेळ नाही, त्याने रोज सराव कुठून घ्यायचा? शिवाय अनेक शिक्षक स्वतः इंग्रजी वाचून, लिहून, भाषांतर करून शिकले. रोजच्या व्यवहारात ते बोलायची वेळ त्यांच्यावरही आली नाही. परीक्षक आणि समोरचा विद्यार्थी, दोघेही त्या पाच मिनिटांतून लवकर सुटावं याच प्रार्थनेत असतात.

आता लेखी पेपर बघू. मराठी माध्यमाच्या दहावीच्या मुलांना इंग्रजी तृतीय भाषा म्हणून ८० गुणांना असतं. भाषाभ्यास १०, पाठ्यपुस्तकातले उतारे २०, कविता १०, पुस्तकाबाहेरचे उतारे १५, लेखन २०, आणि मातृभाषेत भाषांतर ५. उतारे आणि कविता मिळून ४५ गुण झाले. निम्म्याहून अधिक पेपर वाचनाचा आहे. ज्याला समोरचा मजकूर वाचून कळतो, तो या पेपरात नापास होऊच शकत नाही. बाकी व्याकरण त्याचं कच्चं असलं तरीही.

तरी वाचन शिकवलं जात नाही. शिकवलं जातं ते उत्तर शोधणं. प्रश्नातला मोठा शब्द पकडायचा, उताऱ्यात तो कुठे आहे ते बोटाने हुडकायचं, आणि तिथलं अख्खं वाक्य उतरवून काढायचं. क्लासवाले ही युक्ती सांगतात, मोठी भावंडं सांगतात, आणि पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्यांवर ती बऱ्यापैकी चालतेही. गाईड आणि 'एकवीस अपेक्षित'सारखे प्रश्नसंच घरात असले की धडे न वाचताच धड्यांची उत्तरं हाती येतात. पुस्तकाबाहेरचा उतारा आला की पंचाईत होते. तिथे प्रश्नातला शब्द उताऱ्यात नसतो, त्याच्या अर्थाचा दुसराच शब्द असतो, आणि शेवटी सारांश लिहायला सांगतात. सारांश उतरवून काढता येत नाही.

मला सगळ्यात गंमत वाटते ती संवादलेखनाची. पेपरात दोन मित्रांचा संवाद लिहा म्हणून सांगतात, निदान तीन वेळा इकडून तिकडे बोलणं व्हावं एवढी अपेक्षा असते. मुलं तो संवाद पाठ करून येतात. आयुष्यात एकदाही इंग्रजीत न बोललेले दोन मित्र उत्तरपत्रिकेवर पर्यावरणावर बोलतात, एकमेकांचे आभार मानतात आणि निरोप घेतात.

ही स्थिती फक्त श्रीपूरची नाही. प्रथम या संस्थेचा 'असर' अहवाल ग्रामीण भारतात मुलांच्या घरी जाऊन वाचून घेतो, म्हणून त्याच्यावर माझा शाळांच्या आकड्यांपेक्षा जास्त विश्वास आहे. २०१६ मध्ये पाचवीतल्या २४.७ टक्के मुलांना साधी इंग्रजी वाक्यं वाचता येत होती. २०२२ मध्ये हे प्रमाण २४.५ होतं. आठवीतली मुलं याच काळात ४५.३ वरून ४६.७ वर गेली. सहा वर्षांत मध्ये करोना येऊन गेला हे मान्य, पण शिकवण्याच्या नावाने जी यंत्रणा राबते तिने हा आकडा हलवला नाही हेही मान्य करावं लागेल. २०२३ च्या अहवालात चौदा ते अठरा वयाची मुलं घेतली होती. त्यातल्या ५७.३ टक्के मुलांना इंग्रजी वाक्य वाचता आलं, आणि ज्यांना आलं त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश मुलांनाच त्याचा अर्थ सांगता आला. वाचता येणाऱ्या दर चारांतला एक नुसता उच्चार करत होता.

महाराष्ट्राने इंग्रजीच्या वयाशी मात्र पुष्कळ खेळ केला. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेरांच्या सरकारने मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून ठेवलं. पुढे ते पाचवीवर आलं. २००० सालच्या जूनमध्ये, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, ते थेट पहिलीत गेलं. त्या वेळी केवढं वादळ उठलं होतं! मराठीचं काय होणार, सहा वर्षांच्या पोरावर ओझं कशाला, गावातल्या शिक्षकाला तरी कुठे येतं. आज त्या पहिल्या तुकडीची मुलं तिशी ओलांडून गेली. श्रीपूरसारख्या गावांत आता तेच पालक आहेत. दहा वर्षं इंग्रजी शिकलेली ही पहिली पिढी, आणि तिच्यातले बहुसंख्य आजही 'आम्हाला कुठं इंग्रजी येतंय' म्हणत मुलांना पिवळ्या बसमध्ये बसवून इंग्रजी माध्यमाच्या शाळेत धाडतात. सुरुवातीचं वय बदलून काही साधलं नाही, याहून मोठा पुरावा कशाला हवा? २०२५ मध्ये पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेवरून राज्यात रण माजलं, शासन निर्णय निघाला आणि जूनअखेर मागे घेतला गेला. पंचवीस वर्षांपूर्वी पहिलीत घुसवलेल्या इंग्रजीचा हिशेब त्या गदारोळात मागायला हवा होता.

पिवळ्या बसबद्दलही थोडं बोलायला हवं. गावाजवळच्या अशा शाळांत पाटी इंग्रजीत असते, पुस्तकं इंग्रजीत असतात, फी भरल्याची पावती इंग्रजीत असते. धडा समजावताना मराठीच बोललं जातं, कारण त्याशिवाय मुलांना कळत नाही. मग मूल इतिहास-भूगोलही न कळता पाठ करू लागतं. त्यापेक्षा मराठी माध्यमात गणित-विज्ञान इंग्रजीतून घेणारे 'सेमी'चे वर्ग मला बरे वाटतात, निदान बाकीचे विषय तरी समजून होतात. पण सेमीच्या मुलालाही प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या इंग्रजीत येते आणि 'मला ताप आहे, आज घरी जाऊ का' हे इंग्रजीत येत नाही. बोलण्याचा खड्डा दोघांपुढेही सारखाच.

आपल्याकडे तो बुजवायची खटपट जुनी आहे. तर्खडकर भाषांतर पाठमाला घेऊन मराठी माणसांच्या कित्येक पिढ्या बसल्या. त्या पुस्तकांनी बिनचूक अर्ज लिहिणारे, कायद्याचा कागद वाचणारे, तारेचा मजकूर तोलून मापून घालणारे कारकून, वकील, शिक्षक घडवले. बोलणारे कमी घडवले, पण वाचणारे नक्की घडवले, आणि हे मी हलकं लेखत नाही. नंतर रॅपिडेक्स आलं. कपिल देवने जाहिरात केली आणि हरियाणाच्या गड्याला जमलं तर आपल्याला का नाही, अशी उमेद एसटी स्टँडवरच्या पुस्तकाच्या गाड्यापर्यंत पोहोचली. त्यात वाक्यं तयार होती. दुकानात गेल्यावर काय म्हणायचं, डॉक्टरकडे काय, पाहुण्याला काय. अडचण एवढीच की श्रीपूर-अकलूजच्या दुकानात, दवाखान्यात आणि पाहुण्यांत समोरचा माणूस मराठीच बोलतो. सरावाला दुसरं माणूस लागतं आणि ते पुस्तकात छापता येत नाही.

दुसरं माणूस मिळालं की काय होतं याचं उदाहरण सोलापूर जिल्ह्यातच आहे, तेही दोन टोकांची दोन. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, युद्धाच्या धामधुमीत, ते चिनी भाषा शिकले. जखमी सैनिक समोर होते, सहकारी समोर होते, पुढे संसारही तिथल्याच ग्वो छिंगलान यांच्याशी झाला. बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे ते प्रमुख झाले आणि विद्यार्थ्यांना चिनीतून शिकवू लागले. १९४२ मध्ये ते गेले तेव्हा बत्तीस वर्षांचेच होते. इंग्रजीच्या मानाने चिनी ही आपल्याला किती परकी! पण ज्याच्याशी बोलायचं तो समोर होता, आणि बोलल्याशिवाय चालणार नव्हतं.

दुसरं उदाहरण भीमेपलीकडच्या माढा तालुक्यातलं, परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचं. रणजितसिंह डिसले तिथे २००९ मध्ये रुजू झाले. मुलांना पुस्तकाची भाषाच परकी आहे हे बघून त्यांनी पाठ्यपुस्तकं मुलांच्या बोलीत आणली, त्यांत क्यूआर कोड घातले, आणि पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आले. ३ डिसेंबर २०२० ला त्यांना दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइझ जाहीर झाला आणि निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकली, हे सगळ्यांना आठवतं. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. वर्गातल्या पडद्यावरून त्यांनी आपल्या मुलांची परदेशातल्या वर्गांशी, तिथल्या संग्रहालयांशी गाठ घालून दिली, आणि आपापसात भांडणाऱ्या देशांतल्या मुलांना एकमेकांशी बोलतं करण्याचा उपक्रम चालवला. पडद्यावरच्या मुलाला मराठी येत नाही. आता इंग्रजी मोडकंतोडकं का होईना, वापरावंच लागतं. क्रम लक्षात घ्या: आधी मुलाच्या बोलीत समजावणं, मग परक्या भाषेत बोलायला कारण देणं. आपण बहुतेक ठिकाणी दोन्ही करत नाही.

प्रत्येक शाळेला डिसले मिळणार नाहीत आणि प्रत्येक गावाला परदेशातला वर्गही नको. श्रीपूरला ते दुसरं माणूस बाहेरून आणावं लागू नये असं मला वाटतं. साखर कारखाना आणि डिस्टिलरी म्हटली की रसायनशास्त्र शिकलेले, अभियंते, हिशेबनीस, प्रयोगशाळेतले लोक आले. त्यांचे अहवाल इंग्रजीत, यंत्रांची माहितीपत्रकं इंग्रजीत, सरकारी परवान्यांचा पत्रव्यवहार पुष्कळसा इंग्रजीत. ज्यांनी तीस-तीस वर्षं ही कागदपत्रं वाचली ते निवृत्त होऊन कट्ट्यावर बसतात. त्यांना फर्डं बोलता येत नसेल, पण वाचून समजणं त्यांना येतं, आणि पेपरातले ४५ गुण त्याचेच आहेत.

वाचायला काय द्यायचं? गोष्टींची पुस्तकं द्यावीतच. पण घरात पडलेला मजकूर आधी. कीटकनाशकाची बाटली घ्या. तिच्यावर रंगीत त्रिकोण असतो: लाल म्हणजे अतिविषारी, मग पिवळा, निळा, आणि सगळ्यात सौम्य तो हिरवा. शेजारी बारीक अक्षरात किती पाण्यात किती मिसळायचं, फवारणीनंतर किती दिवस तोडणी करायची नाही, पोटात गेलं तर डॉक्टरने काय द्यायचं. सोबतच्या घडीपत्रकात मराठीही असतं, म्हणजे ताळा करून बघायची सोय झाली. दहावीच्या कोणत्याही उताऱ्यापेक्षा या मजकुराला अर्थ समजण्याची जास्त गरज आहे, आणि चुकलं तर गुण जाणार नाहीत, बापाचा जीव जाईल. ठिबकच्या संचाची पुस्तिका, बँकेचा संदेश, विमा पॉलिसी, औषधाच्या गोळ्यांची चिठ्ठी. बापाने विचारावं, पोराने वाचून मराठीत सांगावं. पेपरातला भाषांतराचा पाच गुणांचा प्रश्न दुसरं काय मागतो?

बोलण्याचंही शाळेतच जमण्यासारखं आहे. रोजच्या परिपाठात इंग्रजी सुविचार आणि बातम्या वाचल्या जातात. वाचणाऱ्याला अर्थ विचारला तर पुष्कळदा सांगता येत नाही. त्याऐवजी एका मुलाने काल घरी काय झालं ते तीन वाक्यांत सांगावं आणि दुसऱ्याने त्याला एक प्रश्न विचारावा. चूक झाली तर तिथल्या तिथे कोणी टोकू नये. जोडीने मोठ्यांदा वाचन हा तर फुकटचा उपाय: एकाने परिच्छेद वाचायचा, दुसऱ्याने पुस्तक मिटून त्यातलं दोन वाक्यांत सांगायचं. साठ मुलांच्या वर्गात तीस जोड्या एकाच वेळी बोलतात. गोंगाट होतो, शेजारच्या वर्गाचे गुरुजी डोकावतात, पण पाच तासांचं काम दहा मिनिटांत होतं. मध्ये ब्रिटिश कौन्सिल, टाटा ट्रस्ट आणि राज्य शासन यांनी मिळून 'तेजस' नावाचा प्रकल्प चालवला, त्यात शिक्षकांचे गट दर काही दिवसांनी भेटून इंग्रजी शिकवण्यावर, बरंचसं इंग्रजीतच, बोलत. शिक्षकालाही बोलायला सवंगडी लागतो हे त्यात मान्य केलं होतं. प्रकल्प संपतात तसा तोही संपला. गट चालू ठेवायला मात्र कोणाची मंजुरी लागत नाही.

श्रीपूरच्या बाबतीत आणखी एका मुलाबद्दल लिहिल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. दिवाळी झाली की बीड, अहिल्यानगरकडच्या ऊसतोड टोळ्या येतात आणि कारखान्याभोवती कोप्या पडतात. हंगाम मार्चपर्यंत चालतो. दहावीची तोंडी, सराव परीक्षा आणि लेखी याच महिन्यांत येतात. काही मुलं गावी आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, काही आई-बापाबरोबर येतात. अशा मुलाचं शाळेत नाव असतं पण शाळा दोनशे किलोमीटरवर. तोंडीचे अठरा गुण त्याच्या वाट्याला येतात की नाही हेही त्याच्या हजेरीवर आणि गुरुजींच्या मायेवर ठरतं. निकालाच्या टक्क्यांवर चर्चा करताना हा मुलगा कोणत्याच बाजूला धरला जात नाही. एकट्याने सराव करता येईल असं त्याच्याकडे काही असेल तर ते मोबाइल, तोही बापाचा, रात्री चार्जिंग उरलं तर.

मोबाइलचा उपयोग आहे, आणि तो नाकारणारी मंडळी मला जुनाट वाटतात. आज फोनशी इंग्रजीत बोलता येतं, तो उत्तर देतो, चुकलं तर न हसता सुधारतो. लाजऱ्या मुलीला हे फार सोयीचं आहे. फोनमध्ये बोलून टाइप करायची सोय असते. आपण उच्चारलेलं वाक्य पडद्यावर बरोबर उमटतं का, एवढी एक चाचणी रोज केली तरी जीभ वळते. पण फोन कंटाळत नाही, म्हणून तो ताण देत नाही. मुलाखतीच्या टेबलापलीकडे बसलेला माणूस कंटाळतो, मध्येच तोडतो, उलट विचारतो. त्याची सवय माणसांतच होते.

आणि ते टेबल लांब नाही. दहावीला अठरा गुण मिळाले म्हणून जो प्रश्न पुढे ढकलला, तो तीन-चार वर्षांनी व्याजासकट परत येतो. बँकेच्या लिपिक पदाच्या पूर्वपरीक्षेत इंग्रजीचे तीस प्रश्न वीस मिनिटांत सोडवायचे असतात. तिथे बोट फिरवून शब्द हुडकायला वेळ नाही. राज्यसेवेच्या नव्या वर्णनात्मक पद्धतीत इंग्रजीचा ३०० गुणांचा पात्रता पेपर आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेतही तसाच ३०० चा, त्यात २५ टक्के म्हणजे ७५ गुण पडले नाहीत तर बाकीचे पेपर तपासलेच जात नाहीत. त्याची पातळी साधारण दहावीचीच, आणि प्रश्न तेच: उतारा, सारांश, निबंध. मुख्य परीक्षा आणि मुलाखत मराठीतून देता येते, पण पूर्वपरीक्षेची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीतच असते. बार्शी तालुक्यातल्या महागावचे रमेश घोलप, ज्यांच्या आईने बांगड्या विकून घर चालवलं, याच वाटेने सनदी सेवेत गेले. मराठीतून शिकून तिथवर पोहोचता येतं हे त्यांनी दाखवलं. त्या वाटेवरही इंग्रजी वाचून समजणं टळत नाही.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा शाळांना दिवाळीची सुट्टी असेल. पुण्या-मुंबईत, बंगळुरात नोकरी करणारी श्रीपूरची, माळीनगरची, महाळुंगची मंडळी गावी आलेली असतील. घरात किंवा शेजारी दहावीचं एखादं पोर असेलच. त्याला किती टक्के पडतील असं विचारू नका. पुस्तकाबाहेरचा एखादा उतारा काढा, त्याच्याकडून मोठ्यांदा वाचून घ्या, काय कळलं ते मराठीत विचारा, आणि मग तेच इंग्रजीत सांगायला लावा. तो अडला तर अर्थ सांगा, हसू नका. शहरात परत गेल्यावर आठवड्यातून एकदा फोन करा आणि तो इंग्रजीतच करा. परीक्षा फेब्रुवारीच्या उत्तरार्धात सुरू होते. दिवाळीपासून मोजलं तर हातात साडेतीन-चार महिने आहेत.